सशांचे डोळे राहिलेत

आत्याचा आवाज फोनवर पहिल्यांदा ऐकणारा माणूस हमखास "बोला काका" म्हणतो.

"काका नाही, काकू," आत्या न चिडता सांगते. "पण चित्रं तशीच निघतील."

रिकाम्या डब्यात खडे हलवावेत तसा तिचा आवाज. घोगरा, खरवडलेला. गळ्याच्या खोबणीत शर्टाच्या बटणाएवढा एक गुळगुळीत व्रण आहे. लहानपणी मी त्यावर बोट ठेवून विचारायचे, "हे काय गं?" तर म्हणायची, "घसा धरला होता एकदा. सोडताना आवाज घेऊन गेला." याहून जास्त तिलाही ठाऊक नव्हतं. आमच्या आजीच्या घरात होऊन गेलेल्या दुखण्याचं नाव घ्यायची बंदी होती. नाव घेतलं की ते वळून बघतं, असं आजी म्हणायची.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची धाकटी बहीण. आयुष्यभर तिनं नाटकांचे पडदे रंगवले. महाल, तुरुंग, चांदण्यातली बाग. सगळं कापडावर उभं करायचं, आणि प्रयोग संपले की तेच कापड धुऊन त्यावर दुसरं उभं करायचं. विद्या आबांची, माझ्या आजोबांची. त्यांच्या मांडीवर बसून ती शिकली. पुढे रंगवलेले पडदे कोणालाच नकोसे झाले. आत्या म्हणाली, "पडदे गेले तर गेले, भिंती कुठे पळून जातायत?" आणि भिंतींकडे वळली. अशा भिंतींतूनच मुलांच्या हॉस्पिटलचं काम तिच्याकडे आलं.

हॉस्पिटल जुनं. खालचा मजला दगडी, वरचे नवे, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नसल्यासारखे कॉरिडॉर. आलेला माणूस इमानदारीत चालत राहिला तरी फिरून पुन्हा केसपेपरच्या खिडकीशीच यायचा.

"पाट्या ढीगभर लावल्यात," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. सगळे नर्सिंगवाले त्यांना थरथर कापायचे. "पण कडेवर तापानं फणफणलेलं मूल असलं की आईला अक्षर दिसत नाही हो."

म्हणून आत्यानं भिंतींवरून प्राणी चालवायचं ठरवलं. बदकांच्या मागे गेलं की एक्स-रे. हत्तींच्या मागे वॉर्ड. खारींच्या मागे औषधांची खिडकी. रक्ततपासणीला कासवं.

"कासवंच का?" सिस्टरांनी विचारलं.

"तिथे कोणाला जायची घाई असते?"

ती बुटक्या स्टुलावर बसून काम करायची, म्हणजे तिचा डोळा चार-पाच वर्षांच्या मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर यायचा. सिस्टर कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या.

"फार खाली येतायत चित्रं. मला वाकून बघावं लागतंय."

"तुम्हाला एक्स-रे काढायचाय?"

"मला कशाला!"

"मग पाट्या वाचा. तुम्हाला वाचता येतं."

सिस्टरांना उलट बोलणारं त्या इमारतीत दुसरं कोणी नव्हतं. त्या दिवसापासून आत्याला चहा सिस्टरांच्या खोलीतून यायला लागला.

एका गोष्टीवर मात्र सिस्टरांचं समाधान होईना. आत्याच्या कुठल्याच प्राण्याला डोळे नव्हते. प्रत्येक प्राणी पुढे चालताना मान वळवून आपल्याकडे बघायचा, मागचं पोर येतंय ना याची खात्री करायला. पण बघायचा म्हणजे काय, डोळ्यांच्या जागी दोन पांढरी भोकं.

"डोळे शेवटी," आत्या म्हणायची. ती आबांची रीत. सगळं चित्र पुरं झालं, की शेवटच्या दिवशी सगळ्यांना एकदम डोळे. अर्ध्या अंगाच्या प्राण्याला डोळे दिले तर तो आपलं उरलेलं अंग शोधत बसतो, असं आबा सांगायचे. डावा डोळा ते स्वतः काढायचे आणि उजवा आत्याकडून काढून घ्यायचे, तिच्या हातात ब्रश मावायला लागला तेव्हापासून. वडिलांचा डावा, लेकीचा उजवा. पडद्यामागे उभ्या असलेल्या नटांनासुद्धा हे ठाऊक होतं.

तर चित्रांच्या उद्घाटनापर्यंत आंधळे प्राणी भिंतींवरून चालत राहिले. पोरांच्या आया तिथून जरा पाय उचलून जायच्या. मुलांना आत्या सांगायची, "ते झोपेत चालतायत." मुलांना पटायचं. एकीला सोडून.

ती महाराणी. नाव काहीतरी वेगळं होतं, पण कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर घालून चाकाच्या खुर्चीतून ती असे हुकूम सोडायची की ढकलणाऱ्या आयाबाईंनी हेच नाव ठेवलं होतं. भेटीची वेळ संपली, दुपारची सामसूम झाली, की तिची स्वारी कॉरिडॉरमध्ये निघायची.

"झोपेत चालणारा पडतो," महाराणी म्हणाली.

"माणूस पडतो. बदक पडत नाही."

"मग ससा का नाही झोपला?"

"ससा मी काढलेलाच नाही, राणीसरकार."

महाराणीनं नुसतं बोट केलं.

मुख्य दाराच्या अगदी जवळ, दोन बदकांच्या मधे, पिवळ्या भिंतीवर एक ससा होता. फिकट, चहाच्या डागासारखा. दाराकडे निघालेला, मान वळवून समोर बघणारा. डोळे नसलेला. मागचा पाय किंचित लांब, आणि उजवा कान मध्येच दुमडलेला. असा कान जगात दोनच माणसं काढायची. त्यातलं एक माणूस कधीच गेलं होतं.

"तुमच्याच हातचा आहे की," आयाबाई म्हणाल्या.

आत्यानं बोट लावलं. ओला नव्हता. कोरडा, भिंतीत मुरलेला. ती हसली, "हो की, विसरलेच," म्हणाली, आणि खुर्ची वळणावरून दिसेनाशी झाल्यावर पिवळ्या रंगाचा जाड हात मारून तिनं तो झाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत होता. आणि त्याच्या मागे, कॉरिडॉरच्या आतल्या बाजूला, दुसरा.

रोज हेच. ती झाकायची, तो वर यायचा, आणि मागे आणखी एक. कोणाला विचारायचं? आणि काय? माझ्या हातचे ससे कोण काढतंय?

आता आजीबद्दल सांगायला हवं. शेवटच्या वर्षांत आजी एकेक माणूस विसरत गेली. आधी शेजारपाजार, मग मी, मग बाबा. आत्या तिला न्हाऊ घालायची, भरवायची, आणि आजी तिच्याकडे बघून गोड हसून विचारायची, "तू कोणाची गं?" सगळं गेलं तरी एक वाक्य मात्र शेवटपर्यंत टिकलं. दुपारी डुलकी लागली की ती दचकून उठायची, जो जवळ असेल त्याचं मनगट धरायची आणि म्हणायची, "सशांचे डोळे राहिलेत रे. सशांचे डोळे राहिलेत." आम्ही आधी हसायचो. नंतर नंतर तिच्या पकडीमुळे हसू यायचं नाही.

आजी गेली तेव्हा कोणीतरी, सांत्वनाला आलेल्याच कोणीतरी, बोलून गेलं होतं की हे विसरणं आईकडून मुलीकडे येतं म्हणे. आत्यानं ते ऐकलं होतं. कधी बोलली नाही, पण पदराला गाठ मारावी तसं जपून ठेवलं होतं. आता तिला वाटलं, आलं. हात चालतोय आणि डोकं गैरहजर आहे. आणि काढतोय काय, तर ससे.

तेवढ्यात एक मुलगा हरवला. म्हणजे काही मिनिटंच. पण हॉस्पिटलात मूल दिसेनासं झालं की त्या मिनिटांना अंत नसतो. बाप केसपेपर काढत होता, आणि पोरगा सशांच्या कडेकडेनं चालत गेला. दाराकडे नाही, उलटा, आत. कॉरिडॉरच्या टोकाला नुसती भिंत आहे, एक बाक, वर आग विझवायचं लाल नळकांडं. तिथे, बाकावर न बसता, भिंतीला नाक लावून तो उभा होता.

"काय करत होतास इथे?" बापाचा आवाज फाटला होता.

"कुठून येतायत ते बघत होतो."

मोठ्या सिस्टरांनी आत्याला खोलीत बोलावलं. चहा होता, पण त्यांनी पुढे सरकवला नाही.

"रस्ता दाखवायला बोलावलं होतं तुम्हाला. हे ससे कुठे नेतात?"

आत्या नखांतला पिवळा रंग खरवडत राहिली.

"ठरलेल्या चित्रांत नव्हते ते. काढता, पुसता, परत काढता. नर्स येऊन मला सांगतात." मग आवाज उतरवून, आणि तेच जास्त लागलं, "तुमची तब्येत बरी आहे ना? नाहीतर उरलेलं काम दुसऱ्या कोणाला देऊ. संकोच नको."

त्या संध्याकाळी आत्या माझ्या खोलीवर आली. चपलासुद्धा न काढता उंबऱ्यात उभी राहिली.

"मी विसरायला लागले गं," म्हणाली. "आईसारखी."

तिनं सगळं सांगितलं. मी बघत होते तिच्या हातांकडे. नखांत पिवळा रंग, आणि एक हात दुसऱ्याला धरून बसलेला, चोराला धरावं तसा.

"सोपं आहे," मी म्हणाले. मी नाटकात काम करते, आणि नाटकातल्या माणसाला कुठलीही भीती तालमीत बसवून बघायची खोड असते. "सगळे ब्रश माझ्याकडे दे. आज इथेच झोप, माझ्या शेजारी. सकाळी दोघी मिळून जाऊ. नवा ससा नसला, तर तूच काढत होतीस. मग बघू काय करायचं ते. आणि असला..."

"असला तर?"

"तर तू नाहीस."

"वा," आत्या म्हणाली. "म्हणजे एकतर मी वेडी, नाहीतर भिंत. छान पर्याय काढलेस."

पण ब्रश तिनं दिले. जुन्या पडद्याच्या तुकड्यात गुंडाळलेले, आबांच्या वेळचे दोन त्यातच. मी ते उशीखाली घेऊन झोपले.

सकाळचं ऊन मुख्य दारातून सरळ कॉरिडॉरमध्ये शिरतं. तशा स्वच्छ उजेडात, कालच्या शेवटच्या सशाच्या मागे, नवा ससा होता. इतर सगळ्यांपेक्षा फिकट, आत्ताच येत असल्यासारखा. दुमडलेला कान. दोन भोकं.

आत्या आधी हसली. भिंतीला पाठ टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, त्या घोगऱ्या आवाजात. "मी नव्हते! अगं, मी नव्हते!" केसपेपरच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मीही हसत होते.

मग आमचं हसू एकदमच थांबलं.

"मग कोण?" आत्या म्हणाली.

उत्तर चाकांच्या कुरकुरीसकट आलं. महाराणीची खुर्ची त्या दिवशी सकाळीच बाहेर पडली होती, ड्रेसिंगला.

"ते बाहेर येतायत," ती म्हणाली, आम्हाला इतकं साधं कळू नये याचा कंटाळा आल्यासारखी. "एकेक. आतलं दार लहान आहे ना."

"कुठलं दार, राणीसरकार?"

तिनं टोकाच्या भिंतीकडे हात केला. बाक. लाल नळकांडं. पिवळा रंग.

"आणि शेवटच्याला एकच डोळा आहे."

"कोणी सांगितलं तुला?"

महाराणीनं आत्याच्या गळ्याकडे बघितलं, व्रणाकडे, नीट, वेळ घेऊन. "दुखतं का अजून?"

"नाही गं."

"हं. ती पण नाही म्हणाली."

"कोण ती?"

"चला," महाराणी आयाबाईंना म्हणाली. "उशीर होतोय."

मी नाटकात इतक्या एक्झिट बघितल्यात, पण अशी नाही. आत्या मात्र रंग झटकावा तसे खांदे झटकून म्हणाली, "मिस्त्रीला बोलाव."

मिस्त्री हॉस्पिटलची डागडुजी बघायचे. कानाला पेन्सिल, तोंडात "मी आधीच म्हणालो होतो," जे ते कधीच आधी म्हणालेले नसायचे. पट्टीच्या टोकानं त्यांनी एका सशाची कड हलकेच खरवडली. आत्याचा पिवळा निघाला. खाली जुना पांढरा. त्याच्याही खाली तपकिरी, चकचकीत, आणि ससा आता स्पष्ट, जणू त्याच्या तोंडावरचं पांघरूण काढलं.

"हे तुम्ही काढलेलं नाही," मिस्त्री म्हणाले. "तुमच्या पिवळ्याच्या आणि जुन्या पांढऱ्याच्याही खाली आहे. कोण जाणे किती जुनं. डांबर घातलंय रंगात. भिंतीला आधी प्रायमर लावलात ना?"

"तो कशाला?"

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे.

"आम्ही धुतो," आत्या म्हणाली. "पडदा धुतला की खालचं जातं. भिंतही मी चांगली धुऊन घेतली होती."

"ताई, भिंत धुतल्यानं स्वच्छ होते. विसरत नाही. मी आधीच म्हणालो होतो." मग त्यांनी कान लावून भिंत ठोकली. "गेल्या महिन्यात इथून गरम पाण्याचा पाइप टाकला. भिंत तापली, डांबर सुटलं, वर आलं. झालं! भूत नाही, काही नाही."

"एकदम सगळे का नाही आले मग? रोज एकच कसा?" मी विचारलं.

मिस्त्रींनी पेन्सिल एका कानावरून दुसऱ्या कानावर ठेवली. "मी पाइपाचं सांगितलं. सशांचं तुम्ही बघा."

मग ते टोकाच्या भिंतीपाशी गेले. बाक बाजूला ओढून त्यांनी तिथे ठोकलं. इकडे भरीव. इकडे भरीव. मधे, एका माणसाच्या रुंदीएवढं, पोकळ.

"दार होतं," ते हळू म्हणाले. "विटांनी बुजवलंय. मागे जुना साथीच्या रोगांचा वॉर्ड होता म्हणतात, पाडून टाकलेला. आता मागे पाण्याची टाकी आहे."

आत्याच्या डोक्याला काही झालेलं नव्हतं, हात तिच्याच ताब्यात होता, हे कळल्यावर तिनं सुटकेचा श्वास सोडायला हवा होता. पण तो दुमडलेला कान तसाच होता. आबा इथे येऊन गेले होते आणि तिला कधी बोलले नव्हते. भिंतीला आठवत होतं, तिला नव्हतं. म्हणजे भीती संपली नव्हती, तिनं नुसती जागा बदलली होती.

तिनं सिस्टरांकडून मुदत मागितली. "पुसू नका. येऊ देत सगळे. मग मी सांगते कुठे नेतात ते." कसं कोण जाणे, सिस्टर हो म्हणाल्या. आत्या रोज सकाळी येऊन बघायची. मी कामावर जाण्याआधी चक्कर टाकायचे. ससे रोज एकानं आत सरकत होते, बाकाकडे, बुजवलेल्या दाराकडे. किंवा महाराणीच्या हिशेबानं, बाहेर येत होते.

शेवटचा आला तो थेट दाराच्या चौकटीला लागून. इतरांपेक्षा लहान. मान वळवलेली, आणि त्या तोंडावर एक डोळा. डावा. काळाभोर, मधे ठिणगीएवढा पांढरा ठिपका ठेवलेला, जिवंत. उजवीकडे भोक.

आत्या बुटक्या स्टुलावर बसली. बराच वेळ तो तिच्याकडे आणि ती त्याच्याकडे. मग मला म्हणाली, "दादाला फोन लाव. नाही, बोलावूनच घे."

बाबा ऑफिसातून तसेच आले, गळ्यात ओळखपत्र लटकत.

"दादा," आत्या मागे न वळता म्हणाली, "मला लहानपणी काय झालं होतं?"

"इथे कशाला तो विषय..."

"दादा."

"आई नको म्हणायची."

"आई गेली. आता कोण रागावणार आहे?"

बाबांनी बाकावर बसून चष्मा पुसला. त्यांना अवघड बोलायचं असलं की चष्म्यावर धूळ दिसते.

"घटसर्प," ते म्हणाले. "तू एवढीशी होतीस. श्वास अडकला तेव्हा गळ्याला भोक पाडून नळी घातली होती. वेगळ्या वॉर्डात ठेवलेलं. आईबापांनाही आत सोडत नव्हते. मी घरी आईजवळ. आबा रोज सकाळी रंगाचा डबा घेऊन निघायचे. मला वाटायचं, कामाला जातात. परत आले की आई दारातच विचारायची, आज? आणि ते म्हणायचे, आज एक झाला."

"एक काय?"

"मी कधी विचारलं नाही गं. रोज तेच. आज एक झाला." बाबांची नजर तेव्हा कुठे भिंतीवरून फिरली, एका सशावरून दुसऱ्यावर, लांब, मुख्य दारापर्यंत. त्यांचं बोलणं मंदावलं. "मग एके दिवशी ते तुला खांद्यावर टाकून घेऊनच आले. डबा नाही, ब्रश नाही. आई म्हणाली, सामान कुठाय? ते म्हणाले, सशांचे डोळे राहिले. एकच डोळा झाला होता, तेवढ्यात हिला दाराशी आणून दिली. राहू देत. पोरगी आली."

कॉरिडॉरमध्ये कुठेतरी एक मूल रडत होतं आणि कोणीतरी त्याला थोपटत होतं.

"म्हणजे आई बरळत नव्हती," आत्या म्हणाली.

"नाही."

"निरोप देत होती. आणि मी तिला म्हणायचे, झोप गं आता, झोप." तिनं गळ्यावरच्या व्रणावर बोट ठेवलं. "मला वाटलं विसरायला लागले, दादा. पण हे मी विसरले नव्हते. हे मला कधी मिळालंच नव्हतं."

बाबांनी मान हलवली. मग नवरात्रातल्या घटासारखे तिथेच बसून राहतील असं वाटत असताना आत्यानं त्यांच्या हातात ब्रश दिला.

"डावे तू काढ."

"मी? मला माणसाचं डोकंसुद्धा काढता येत नाही!"

"ठिपका आहे. ठिपका सगळ्यांना येतो. आबा नाहीत, तर डावे तुझे."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्या दोघांनी डोळे काढले. बाबा गुडघ्यावर, ओळखपत्र खिशात कोंबून, जीभ दातांत धरून. त्यांच्या मागे स्टूल सरकवत आत्या. काही ससे जरा तिरळे झाले. "हा तुझ्यावर गेलाय," आत्या म्हणायची. बदकं, कासवं, हत्ती, खारी, सगळ्यांना डोळे मिळाले. मोठ्या सिस्टर एकेकासमोर वाकून बघत होत्या आणि पाठीबद्दल कुरकुरत होत्या.

"पण सशांचं सांगणार होतात. कुठे नेतात?"

"चालले कुठे आहेत ते?"

"मुख्य दाराकडे."

"एक्स-रेला वाट आहे, रक्ताला आहे, औषधांना आहे," आत्या म्हणाली. "घरी जायची तुम्ही सांगितली नव्हतीत, आणि मलाही सुचली नाही. ही ती. एका माणसानं आधीच काढून ठेवली होती."

त्या दिवशी चहा सिस्टरांनी स्वतः आणला.

एकाक्ष सशाला आत्यानं सगळ्यात शेवटी घेतलं. आबांचा ब्रश, एकच थेंब काळा. दोन डोळ्यांनी ससा तिच्याकडे बघायला लागला. त्यानंतर त्या भिंतीतून काही वर आलं नाही. पाइप मात्र अजून तसाच गरम आहे.

आता डिस्चार्ज मिळालेली मुलं सशांच्या बाजूनं निघतात. ज्यांना चालता येतं ती प्रत्येक सशाला हात लावत जातात, त्यामुळे पाठी झिजल्यात. आत्या महिन्यातून एकदा जाऊन पाठी रंगवते. आधी प्रायमर लावून. इतर भिंतींची कामंही तिला मिळतात, आणि हात तिच्याच ताब्यात आहे.

महाराणी घरी निघाली त्या दुपारी आम्ही दोघी तिथे होतो. प्लास्टर निघालेलं, पाय काड्यांसारखे, हातात चालायची चौकट. चाकाच्या खुर्चीला तिनं साफ नकार दिला होता. बाकापासून सुरुवात करून तिनं एकेक ससा पार केला, दर सशापाशी थांबत, आत्या शेजारून तिच्याच चालीनं. मुख्य दाराशी पोचल्यावर ती थांबली, वळली आणि रिकाम्या कॉरिडॉरच्या टोकाकडे बघून हात हलवला. भिंतीकडे. बाकाकडे.

"कोणाला टाटा करतेस?" आत्यानं विचारलं.

"तुम्हाला."

"मी तर इथे आहे, तुझ्या शेजारी."

"तुम्हाला नाही काही," महाराणी म्हणाली. "लहान तुम्हाला."

मी टोकाकडे बघितलं. ऊन तिथवर पोचत नाही. आत्यानं बघितलं नाही. तिनं एक हात गळ्यावर ठेवला. मग मागे वळून, त्या खरवडलेल्या आवाजात, घरातल्या लहान पोरीला हाक मारावी तशी म्हणाली,

"चल गं. आबा दारात थांबलेत."

आणि महाराणीनं चौकट सरकवत थोडी जागा करून दिली, जशी आपल्या मागून येणाऱ्याला देतात.